गाभाऱ्याची लाकडी चौकट मढवायची: चांदीचा पत्रा की पितळेवर मुलामा?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. गावच्या खंडोबाच्या गाभाऱ्याची सागवानी चौकट आणि मागची प्रभावळ मढवायची आहे, दोन्ही मिळून साधारण 18 चौरस फूट. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणायलाय चांदीचा पत्राच पाहिजे. दुसरा म्हणायलाय पितळ ठोका अन् वरून मुलामा द्या, फिलिपिन्सचे धातू-कारागीर एदुआर्दो मुतुक चर्चची कामं तशीच करतात. ते काम नेमकं कसं असतं? आपल्याकडच्या उन्हात, भंडाऱ्यात, अभिषेकात टिकंल का?

राळ_आणि_कलम
मुतुक हे पाम्पांगा प्रांतातल्या आपालितचे. तिथलं सरकार परंपरागत कारागिरांना 'गावाद सा मानलिलिखा नांग बायान' हा सन्मान देतं, तो त्यांना 2004 मध्ये मिळाला. वेदीमागच्या नक्षीदार चौकटी, आरसे, मिरवणुकीत संतांच्या मूर्ती नेणाऱ्या गाड्या अशी त्यांची कामं. काही तर 40 फुटांच्या वर. ठोकीव कामाला तिकडं 'पुकपोक' म्हणतात. मेक्सिकोची चांदी 1565 ते 1815 पर्यंत गलबतांनी मनिलाला यायची, तेव्हापासून चर्चमध्ये चांदीकामाची चाल आहे.

कमिटीने एक ध्यानात घ्यावं: मुलाम्याने ठोकायची मेहनत तसूभर कमी होत नाही, वाचते ती फक्त चांदी. हिशेब असा. 0.4 मिमी जाडीचा चांदीचा पत्रा चौरस फुटाला सुमारे 390 ग्रॅम भरतो, म्हणजे 18 फुटांना 7 किलो, कातरण वेगळी. 20 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मुलामा चौरस फुटाला साडेएकोणीस ग्रॅम, म्हणजे सगळा मिळून 350 ग्रॅम. उठावामुळे पृष्ठभाग वाढतो म्हणून साडेचारशे धरा. मागच्या बाजूला लाखेचा हात देऊन ती झाकायला सांगा, नाहीतर तेवढीच चांदी मागेही बसते अन् बिल तुमच्या नावावर.

शिसवी
आपली बिदरी असताना फिलिपिन्स कशाला?

राळ_आणि_कलम
बिदरीत मढवणं नसतंच. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यात खाचा कोरून चांदीची तार आणि पत्री ठोकून बसवतात. चौकटीला तिचा उपयोग नाही.

ठोकीव
आता कामाचं. पत्रा राळेवर चिकटवून आधी मागून गोल तोंडाच्या कलमांनी (हातोडीने ठोकायच्या पोलादी सळ्यांनी) उठाव काढतात. मग सोडवून, साफ करून, उठावाच्या पोकळीत राळ भरतात आणि उलटा करून पुढून रेघा मारतात. तीन-चार फेऱ्या तरी होतात.

राळेत विटकरीची चाळलेली भुकटी साधारण निम्मी आणि थोडं तेल. इथं एप्रिल-मेमध्ये राळ लोण्यासारखी होते, घाव खाली जातो अन् नक्षी पसरते. तेव्हा तेल जवळजवळ बंद आणि भुकटी वाढवायची. थंडीत उलट: राळ तडकते, पत्रा सुटतो, म्हणून तेल थोडं जास्त. पत्र्याखाली हवा राहिली तर त्या जागी कलम भसकन आत जातं. बोटाने टिचकी मारून बघावी. पोकळ वाजलं की काढून परत चिकटवायचा.

पत्रा फाटतो तो बहुतेक ताव चुकल्याने. ठोकून धातू कडक होतो; टणटण वाजायला लागला की थांबायचं आणि सावलीत मंद लाल दिसेपर्यंत तापवायचं. उन्हात तापवलं तर लाली दिसत नाही आणि पत्रा वितळतो. शिशाच्या ठोकळ्यावर ठोकायची काहींना सवय असते. चांदीला ती नको: शिशाचा कण चिकटून राहिला तर पुढच्या तावात तिथं खड्डा पडतो. तावानंतरच्या पातळ गंधकाम्लात (पाण्यात ॲसिड, उलटं कधीच नाही) लोखंडी चिमटा घातला की चांदीवर तांबूस थर चढतो. तांब्याचाच चिमटा वापरावा.

सागवान_लातूर
लाकडाकडं कुणी बघंना! वाळलेला साग घ्या, ओल 10–12 टक्के. पावसाळा-उन्हाळ्यात आडवी फळी फुटामागे एक ते तीन मिमी हलते. सलग पत्रा चारी बाजूंनी खिळला की फुगतो किंवा खिळ्यापाशी चिरतो. फूटभराचे तुकडे, जोडाला 5–6 मिमी चढ, वरचा तुकडा खालच्यावर, म्हणजे पाणी आत शिरत नाही. एका कडेची भोकं गोल, समोरची लांबट. लोखंडी खिळा नकोच, त्याचा गंज पत्र्यावर उतरतो. मुलाम्याचं काम असेल तर सगळी भोकं मुलाम्याआधी पाडून घ्या. नंतर पाडली की कडेला पितळ उघडं पडतं आणि तिथूनच हिरवट कळक सुरू होतो.

ठोकीव
बरोबर. शिवाय दही, लिंबू लागतं तिथं मुलामा धरत नाही. बारीक छिद्रांतून आंबट आत जाऊन पितळ कळकतं, वरची चांदी पापुद्र्यासारखी सुटते. डाक दिलेल्या सांध्यावर आधी तांब्याचा पातळ थर द्यायला सांगा. मुलाम्याचं सायनाइडचं पाणी असतं, ते काम परवानाधारक कारखान्यातच; देवळाच्या आवारात कुणी 'जागेवर करून देतो' म्हणाला तर सरळ नको म्हणा.

माझं मत: प्रभावळीचा वरचा भाग मुलाम्याचा, हात आणि अभिषेक पोचतो तेवढी खालची दीड-दोन फूट चौकट चांदीच्या पत्र्याची. उंबऱ्याला दोन्ही नको, जाड पितळ बसवा. भंडारा नक्षीत तेलासकट घट्ट बसतो. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रश बुडवून, पिळून काढावा. घासायची पावडर मुलाम्याला लावायचीच नाही.

मांजराकाठ
दोन्ही तट गप बसतील असं दिसायलंय. पण पत्रा चांदीचाच आहे हे कसं ओळखायचं? सराफाकडं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) मशीन आहे.

राळ_आणि_कलम
ते मशीन वरवरचं वाचतं. जाड मुलाम्यालाही चांदी दाखवील. ठोकायच्या आधी कोऱ्या पत्र्याचं वजन आणि जाडी सगळ्यांसमोर घ्या, कोपऱ्याचा तुकडा कापून त्याची कड तपासा. करारात शुद्धता आणि मायक्रॉन दोन्ही लिहा, आणि कातरण वजन करून परत मागा.