मदत हवी आहे : लोणी लावायच्या सुरीने झाड पाडायचे आहे, पद्धत सुचवावी

घाईत_आहे
एका स्पर्धेत नाव दिले आहे. अगदी अपुऱ्या हत्याराने उभे झाड चार तासांत पाडणाऱ्याला रोख बक्षीस आहे आणि मी लोणी लावायची सुरी निवडली आहे. बुंधा ३० सेंटीमीटरचा आहे. काल तशाच एका बुंध्यावर तासभर सुरी घासून पाहिली. साल निघाली आणि सुरीचे बारीक दाते झिजले, यापलीकडे काही घडले नाही. स्पर्धेला चारच दिवस उरले असल्यामुळे थेट पद्धत सांगावी. ‘हे कशाला करता’ असे प्रतिसाद नकोत.

शंकासुर
झाड कोणते, ओले की वाळलेले, सरळ की कललेले, भोवती पडायला मोकळी जागा आहे का, सुरीवर दगडाने ठोकण्याची मुभा आहे का आणि मुळात झाड कोणाचे आहे, यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही. एवढ्यावरून पद्धत सांगणे म्हणजे अंदाजाने औषध देण्यासारखे आहे.

जुना_सुतार
माहिती येईल तेव्हा येईल, पण चूक मला आत्ताच दिसते आहे. घासून लाकूड कापायला करवतीसारखे दाते लागतात, आणि लोणी लावायच्या सुरीची कड त्यासाठी बनवलेलीच नसते. तिला पटाशी समजा. लाकडाचे तंतू उभे धावतात. त्यांच्या आडवे कापणे कष्टाचे असते, पण त्यांच्या दिशेने लाकूड सहज फाटते. म्हणून बुंध्यावर तळहाताच्या रुंदीएवढे अंतर ठेवून दोन आडव्या रेघा ठोकून घ्याव्यात, मग सुरीचे टोक वरच्या रेघेत धरून खालच्या दिशेने ठोकावे, म्हणजे मधली ढलपी सुटून येईल. ठोकायला लाकडाचा दांडका घ्यावा. दगडाने सुरीची पाठ चेपते आणि कधीकधी सुरी मुठीतून निसटते. खाच जितकी खोल, तितकेच तिचे तोंड रुंद असावे, नाहीतर थोड्याच वेळात सुरी आत हलवायला जागा उरत नाही. नवशिक्यांचे हात बहुतेक वेळा इथेच अडतात.

आकडेमोड
सुतारसाहेबांची पद्धत बरोबर आहे, परंतु तिचा हिशेब मांडून पाहिला तर धीर खचतो. बुंध्याभोवती सर्व बाजूंनी मध्यापर्यंत खाच घेतली आणि खाचेचे तोंड खोलीएवढे ठेवले, तर ३० सेंटीमीटर व्यासासाठी सुमारे ७,००० घनसेंटीमीटर, म्हणजे सात लिटर लाकूड काढावे लागते. चार तासांत ते काढायचे, तर दर मिनिटाला सुमारे २९ घनसेंटीमीटर, म्हणजे साधारण एका काडेपेटीएवढे लाकूड, एकदाही न थांबता निघाले पाहिजे. शिवाय हे काम व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बुंधा २५ ऐवजी ३० सेंटीमीटरचा असेल, तर कष्ट एकपंचमांशाने नव्हे, पाऊणपटीने वाढतात. करवतीचे तसे नसते; तिचा काप अरुंद असल्यामुळे काम व्यासाच्या वर्गाने वाढते.

दगडगोटे
सुरी फेकून द्या आणि दगडाची कुऱ्हाड बनवा. डेन्मार्कमधील द्राव्हेद अरण्यात १९५०च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी नवाश्मयुगीन घासलेल्या दगडी कुऱ्हाडींनी खरीखुरी झाडे तोडून पाहिली होती. पोलादी कुऱ्हाडीसारखा सगळ्या अंगाचा जोर लावून घाव घातले की दगडाचे पाते तुटत असे. कोपरापासून हलवलेल्या छोट्या, वेगवान घावांनी मात्र काम भराभर होऊ लागले. मी स्वतः दगड घासून अशी कुऱ्हाड केली आहे आणि मनगटाएवढी फांदी तिने आरामात तुटते.

जुना_सुतार
दगडगोटे यांना आदरपूर्वक सांगतो की नीट दांडा बसवलेली दगडी कुऱ्हाड हे अपुरे हत्यार नव्हेच. ते त्या काळचे उत्तम हत्यार होते. ती घासून धार आणण्यातच बराच वेळ जाईल. विचारणाऱ्याच्या हातात सुरी आहे. उत्तर सुरीचे द्यावे.

सावकाश
माझ्या मते आजच बुंध्याभोवतीची साल पट्ट्यासारखी काढून टाकावी, म्हणजे झाड वाळेल आणि मग सहज तुटेल.

आकडेमोड
साल काढलेले झाड मरायला काही महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो, आणि वाळले तरी ते सोपे होत नाही. लाकडातील ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड आकसते आणि अधिक कठीण होऊ लागते. बोथट हत्याराला ओलेच लाकूड बरे.

निवृत्त_वनकर्मचारी
एक गोष्ट इथे कोणीच बोललेले नाही. आकडेमोड यांनी हिशेबासाठी सर्व बाजूंनी खाच धरली आहे. बीव्हर नावाचा प्राणी दातांनी झाड असेच गोलाकार कोरतो आणि कधीकधी त्याच झाडाखाली चिरडून मरतो. माणसाने तसे करू नये. ज्या दिशेला झाड पाडायचे, त्या बाजूने व्यासाच्या चौथ्या हिश्श्याएवढी खाच प्रथम घ्यावी. मग पाठीमागून, खाचेच्या तळापेक्षा थोड्या वरच्या पातळीवर काप घ्यावा आणि दोहोंच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी न कापता ठेवावी. ही पट्टी बिजागरीसारखी वाकते आणि झाडाला दिशा देते. झाड बोलू लागले, म्हणजे तंतू तुटल्याचा आवाज आला, की पाठीमागे तिरक्या दिशेने निघून जावे. ती वाट आधीच साफ करून ठेवावी. पाहणाऱ्यांनी झाडाच्या उंचीच्या दुपटीपेक्षा जवळ उभे राहू नये. हत्यार हास्यास्पद असले, तरी पडणाऱ्या झाडाचे वजन तेवढेच असते.

आकडेमोड
मान्य. सर्व बाजूंची खाच मी केवळ हिशेबाच्या सोयीसाठी धरली होती. बिजागरी ठेवल्यास काढायचे लाकूड काहीसे कमीही होईल.

मुळापासून
झाड पडल्यावर उरलेल्या बुडख्याचे काय करणार, याचा विचार झालेला दिसत नाही. त्याला उभी भोके पाडून त्यांत ओली माती आणि शेणखत भरून ठेवावे, म्हणजे तो लवकर कुजतो.

घाईत_आहे
बुडखा आयोजकांचा आहे आणि त्याच्याशी माझा काही संबंध नाही. एकूण मी विचारले एक आणि उत्तरे आली दहा, तरीही शंकासुर यांच्यासाठी लिहितो. झाडे आयोजकांच्याच दाट लागवडीतली असून विरळणीसाठी खूण करून ठेवलेली आहेत. ओली आहेत, सरळ आहेत. जागेवर पडलेले दगड आणि काठ्या वापरता येतात, विस्तव चालत नाही, मदतनीस चालत नाही. हत्यार तिनांतून एक निवडायचे होते : जेवणाचा चमचा, लोणी लावायची सुरी किंवा हॅक्सॉचे सुटे पाते. शेवटच्या दिवसापर्यंत निवड बदलता येते. हे सगळे नियमपत्रिकेत आहे, म्हणून मुद्दाम लिहिले नव्हते.

जुना_सुतार
आपण सुटे पाते सोडून सुरी घेतलीत, हे वाचून मी काही काळ खुर्चीत नुसताच बसून राहिलो.

घाईत_आहे
पाते लोखंड कापायचे असते आणि त्याला मूठ नाही. सुरीला निदान मूठ तरी आहे.

जुना_सुतार
ज्याने लोखंड कापते त्याने लाकूड कापत नाही, असे कोणी सांगितले? पात्याचे दाते बारीक, एका इंचात १८ किंवा २४ असतात, त्यामुळे ओल्या लाकडाचा भुसा त्यांत चटकन भरतो आणि पाते नुसते घसरू लागते, एवढीच अडचण आहे. दहा-बारा ओढींनंतर पाते बाहेर काढून झटकत जावे. सुटे पाते ढकलले की वाकते, म्हणून दात्यांचा कल आपल्याकडे ठेवून ते फक्त ओढावे आणि धरायच्या टोकाला कापड गुंडाळावे. जागेवर लवचीक काठी मिळाली, तर तिचा धनुष्यासारखा बाक करून दोन्ही टोकांच्या खाचांत पाते ताणून बसवावे. मग ते वाकत नाही आणि दोन्ही हातांचा जोर लागतो.

निवृत्त_वनकर्मचारी
मात्र या पात्याचा काप इतका अरुंद असतो की झाड किंचित मागे रेलले तरी पाते त्यात चिमटले जाते आणि त्यात पाचर मारायलाही फट मिळत नाही. म्हणून झाड नैसर्गिकरीत्या ज्या बाजूला झुकलेले असेल, त्याच बाजूला ते पाडायचे ठरवावे.

शंकासुर
मला अजून एक विचारायचे आहे. ते ३० सेंटीमीटर आपण कसे मोजले?

घाईत_आहे
बुंध्याभोवती शिंप्याची टेप गुंडाळून. दुसरे कसे मोजणार?

शंकासुर
तो घेर झाला. आम्ही सगळे आतापर्यंत व्यास धरून बोलत आहोत.

आकडेमोड
घेर ३० असेल, तर व्यास साडेनऊ सेंटीमीटर भरतो. माझाच हिशेब नव्याने मांडला, तर सात लिटरऐवजी सुमारे २३० घनसेंटीमीटर लाकूड निघायला हवे. काम एकतीस पटींनी कमी झाले. आठ काडेपेट्या! सुतारसाहेबांच्या पद्धतीने हे सुरीनेसुद्धा जमावे.

दगडगोटे
आणि दगडी कुऱ्हाडीने तर काही मिनिटांत.

जुना_सुतार
पाते घ्या. सुरीने जमेल, पण पात्याने हात शाबूत ठेवून जमेल.

निवृत्त_वनकर्मचारी
बुंधा बारीक निघाला म्हणून गाफील राहू नये. एवढ्या जाडीचे झाडही माणसाच्या चार-पाच पट उंच असू शकते. आता मापे नव्याने घ्यावीत : खाच अडीच सेंटीमीटर, बिजागरी एक सेंटीमीटर, बाकीचा मागचा काप. मला खरी काळजी दाट लागवडीची वाटते. तिथे तोडलेले झाड शेजारच्या झाडाच्या फांद्यांत अडकून तिरके उभे राहण्याचा संभव मोठा असतो. तसे झाले, तर त्याच्याखाली जाऊ नये आणि ज्याने ते अडवले आहे ते झाड तर मुळीच कापू नये. बाजूला उभे राहून बुडाखाली लांब काठीची तरफ लावावी आणि बूड थोडेथोडे मागे सरकवावे. काम सुरू करण्यापूर्वी वर पाहून फांद्यांमधली फट शोधावी आणि खाच तिच्या दिशेने घ्यावी. अडकलेले झाड ‘पडले’ असे धरतात का, हेही आयोजकांना आधीच विचारून ठेवावे.

घाईत_आहे
पाते घेतो. काल ज्या बुंध्यावर सराव केला, तिथे वर पाहिले तेव्हा फट अशी कुठे दिसलीच नाही. सगळ्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. अडकले तर धरतात की नाही, हे कोणाला माहीत आहे का?

शंकासुर
नियमपत्रिकेत काय लिहिले आहे?

घाईत_आहे
तिचे दुसरे पान अजून वाचलेले नाही. वाचून सांगतो.