जुन्या निकॉन लेन्ससाठी मिररलेस (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्याची) बॉडी कोणती घ्यावी?

प्रश्न (नाशिक रोड):
वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या ५० मिमी एफ/१.८ आणि १०५ मिमी एफ/२.५ या हाताने फोकस करायच्या दोन निकॉन लेन्स माझ्याकडे आहेत. रामकुंडावरची पहाट आणि पांडवलेण्यांतील अंधुक उजेडातली शिल्पे टिपायची आहेत. एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी पुरेल का?

उत्तर १:
लेन्स बसण्याची चिंता नसावी. आपल्या लेन्सच्या निकॉन एफ माउंटपासून (लेन्स जिथे जोडली जाते त्या कडीपासून) सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी, तर निकॉनच्याच मिररलेस झेड माउंटचे १६ आणि सोनी ई माउंटचे १८ मिमी असल्यामुळे उरलेली जागा भिंगविरहित साधे अडॅप्टर भरून काढते आणि दूरवरचा फोकसही नीट मिळतो. मात्र एपीएस-सीवर आपली ५० मिमी लेन्स ७५ मिमीइतकेच, म्हणजे अरुंद दृश्य दाखवेल, आणि घाटावरच्या दाटीत मागे सरकायला जागा कुठली? फुल-फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरची) बॉडीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर २:
सहमत. शिवाय हात हलल्याचा परिणाम कमी करणारी यंत्रणा बॉडीतच हवी, कारण या लेन्समध्ये ती नाही. निकॉन झेड५ मध्ये ती आहे. फक्त लेन्सची फोकल लेंग्थ (५० किंवा १०५ मिमी) मेनूत स्वतः नोंदवावी लागते. लेण्यांत आधी अॅपर्चर (लेन्समधील उजेड येण्याचे छिद्र) पूर्ण उघडावे, मूर्तीचा डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये मोठा करून फोकस साधावा आणि मगच अॅपर्चरची रिंग एफ/४ वर आणावी.

उत्तर ३:
बॉडीवर खर्च करण्यापूर्वी लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून बुरशीचे तंतू दिसतात का, ते अवश्य पाहावे.