पिकअपला जादा दिवे: कोणते घ्यायचे आणि वायर किती जाडीची?

रानवाट:
डबल कॅब पिकअप आहे, १२ व्होल्ट, मूळचे हेडलाइट एच४ हॅलोजन. रात्री कच्च्या रस्त्याने जाणे असते. दगडगोटे, धूळ, मधूनमधून चिखल. वेग ताशी ३० ते ६०. बंपरवर ६०-६० वॉटचे दोन एलईडी स्पॉट आणि टपावर २० इंची एलईडी बार लावायचा विचार आहे. बारच्या खोक्यावर ३०० वॉट छापले आहे. सोबतच्या वायरिंग किटमध्ये एक रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), हाताचा स्विच आणि ३० अँपियरचा फ्यूज आहे. सगळे त्याच किटवर चालेल का? अप्पर दिल्यावरच दिवे लागावेत आणि डिपर केला की आपोआप बंद व्हावेत, हे कसे जोडायचे?

भिंगवाला:
वायरिंगचे जाणकार सांगतीलच, आधी दिव्यांचे बघू. ६० च्या वेगाला स्पॉट कशाला? ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. दीड सेकंद प्रतिक्रियेचा धरला तर २५ मीटर गेले, आणि सुट्या खडीवर ब्रेक लागून थांबायला आणखी ३५ च्या आसपास. एकूण ६० मीटर. म्हणजे १०० मीटरपर्यंतचा रस्ता आणि दोन्ही कडा स्वच्छ दिसल्या की काम झाले. अर्धा किलोमीटर लांब जाणारी बारीक शलाका मोकळ्या वाळवंटात ताशी १०० ने जाणाऱ्याला लागते. तुम्ही ‘ड्रायव्हिंग’ किंवा ‘कॉम्बो’ पॅटर्नचे घ्या, आडवे पसरणारे.

टपावरच्या बारबद्दल माझे मत स्पष्ट आहे: लावू नका. प्रकाश बॉनेटवर पडून डोळ्यांत येतो. धूळ उडाली की नजरेच्या रेषेत पांढरा पडदा उभा राहतो. शिवाय उंचावरून येणारा उजेड सावल्या पुसतो, त्यामुळे खड्डा सपाट दिसतो. बंपरच्या उंचीवरून तोच खड्डा लांब सावली टाकून स्वतःच ओळख देतो. बार हवाच असेल तर तो खाली, बंपरच्या जाळीत बसवा. फक्त रेडिएटरची हवा अडवू नका.

खोक्यावरचे वॉट आणि ल्युमेन सोडून द्या. आतल्या प्रत्येक एलईडीची कमाल क्षमता गुणून ते आकडे छापतात. ‘३०० वॉट’चे बार मोजले तर कित्येकदा १०० ते १२० वॉटच घेतात. लक्सचा (समोर पडणाऱ्या उजेडाच्या मापाचा) आलेख मागा. ‘१ लक्स ५०० मीटरवर’ असे असेल तर ४ लक्स २५० मीटरवर मिळतात, कारण अंतर निम्मे झाले की उजेड चौपट होतो. १ लक्स हा चांदण्याच्या काही पट एवढाच उजेड आहे, त्यात वेगात खड्डा ओळखू येत नाही.

रंग ४००० ते ५००० केल्विनचा बघा. ६५०० चा निळसर पांढरा दुकानात झगमगतो, धुळीत डोळ्यांना त्रास देतो. पिवळी काच धुळीत थोडी सुसह्य वाटते, पण दिवा किती खाली बसवला याचा परिणाम रंगापेक्षा जास्त.

तांब्याची_तार:
एका किटवर सगळे चालवू नका. दोन स्पॉटना एक रिले-फ्यूज, बारला दुसरा.

हिशेब: ६० अधिक ६० म्हणजे १२० वॉट, भागिले १२, म्हणजे १० अँपियर. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट मिळतात हे खरे, पण एलईडीचा ड्रायव्हर (दिव्यातले करंट सांभाळणारे सर्किट) वॉट कायम ठेवतो. व्होल्टेज पडले की करंट वाढतो. म्हणून १२ नेच भागा. फ्यूज १५ चा, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा कुठे घासला तर त्याला वाचवणारे काहीच नसते.

फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. किटमधल्या बारीक वायरवर ३० अँपियरचा फ्यूज म्हणजे वायर आधी वितळणार, फ्यूज तसाच राहणार. त्या वायरीचा एक तंतू ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबडा आणि आतून रुपेरी निघाला तर तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट, आणि दमट जागी थिंबलपाशी (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीपाशी) कुजते. (वरून रुपेरी, आतून तांबडा असेल तर कल्हई केलेले तांबे, उत्तम.)

बॅटरी ते दिवा ३ मीटर, परतीची अर्थ वायर तेवढीच, एकूण ६ मीटर धरा. १० अँपियरला १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.७ व्होल्टच्या वर पडतात, २.५ मध्ये ०.४५, ४ मध्ये ०.३ च्या आत. २.५ पुरेशी आहे. हॅलोजनला मात्र ४ घातली असती, कारण तिथे व्होल्टेज १० टक्के पडले की उजेड ३० टक्के जातो. एलईडीचा उजेड तसा घटत नाही.

रिलेच्या पिनांवर आकडे असतात: ३० ला फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ वरून दिव्यांकडे, ८६ ला अप्परच्या वायरीवरून स्विचमधून येणारा पॉझिटिव्ह, ८५ अर्थला. रिलेत डायोड असेल तर ८५-८६ ची अदलाबदल करू नका. कॉइल पाव अँपियरसुद्धा घेत नाही, स्विचकडे ०.७५ ची वायर आणि ३ अँपियरचा फ्यूज बास. पाच पिनांचा रिले असेल तर मधली ८७ए मोकळी सोडून टोपी घाला. तिच्यावर रिले बंद असताना करंट असतो. रिले पिना खाली करून बसवा, नाहीतर पाणी आत साचते.

अर्थ बॉडीवर घ्या: रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, वरून ग्रीस. थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर नको. बऱ्याच गाड्यांत तिथेच करंट मोजणारा सेन्सर असतो, त्याला वगळून गेलात की चार्जिंगचा हिशेब चुकतो.

जोड क्रिंप करा (पकडीने दाबून बसवा), वर गोंदाची हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसणारी नळी). डाग दिलेली (सोल्डर केलेली) वायर डाग संपतो तिथे कडक होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. केबिनमध्ये वायर नेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच.

रानवाट:
दोघांचेही आभार. टपावरचा बार रद्द. जोडण्याआधी एच४ चा बल्ब जागेवर ठेवून प्लगच्या मागून मोजले. डिपरवर असताना अप्परच्या वायरीवर १२ व्होल्ट, अप्पर दिला की शून्य. हे उलटे कसे?

तांब्याची_तार:
बरे झाले मोजलेत. तुमच्या गाडीत हेडलाइटचा स्विच निगेटिव्ह बाजूला आहे. बल्बच्या कॉमन पिनेला (अप्पर-डिपर दोन्ही फिलामेंटची सामाईक पिन) पॉझिटिव्ह असतो, आणि अप्पर दिला की अप्परची वायर अर्थला जोडली जाते. डिपरवर दिसणारे १२ व्होल्ट फिलामेंटमधून आलेले आहेत. वर लिहिल्याप्रमाणे ८६ तिथे जोडले असते तर दिवे डिपरवर लागून अप्परवर बंद झाले असते.

तुमच्यासाठी असे: ८६ ला कॉमन पिनेचा पॉझिटिव्ह, ३ अँपियरच्या फ्यूजमधून. ८५ डॅशबोर्डच्या स्विचमधून अप्परच्या वायरीला. डिपरवर कॉइलच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट, म्हणून रिले सुस्त. अप्पर दिला की ८५ ला अर्थ मिळतो. मूळ वायरीवर दाबून बसणारे निळे क्लिप वापरू नका, ते तंतू तोडतात आणि पाणी आत घेतात. इन्सुलेशन सोलून क्रिंपचाच जोड द्या.

(कारखान्याचेच एलईडी हेडलाइट असलेल्यांनी हे करू नये. तिथे अप्परचा सिग्नल तुटक स्पंदनांचा असू शकतो, रिले फडफडतो. त्यांना वेगळे ट्रिगर मॉड्यूल लागते.)

भिंगवाला:
रोख जुळवताना गाडी सपाट जागी, हौद्यात नेहमीचे वजन ठेवून, भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणा करा. सर्वांत प्रखर ठिपका त्या खुणेवर किंवा १० सेंटिमीटरपर्यंत खाली. बंपरसमोरची जमीन फार उजळ ठेवू नका, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि पुढचे काळे दिसते.

सार्वजनिक रस्त्याचे नियम देशागणिक वेगळे. संयुक्त राष्ट्रांची वाहन नियमावली मानणाऱ्या देशांत काचेवर गोलातल्या ‘ई’जवळ एक आकडा असतो, आणि गाडीच्या सगळ्या अप्पर दिव्यांची बेरीज १०० च्या आत लागते. हेडलाइट १७.५ चे दोन म्हणजे ३५. त्यावर २५ चे दोन चालतात, ३७.५ चे दोन नाहीत. आकडाच नसलेल्या दिव्यांना रस्त्यावर कव्हर घालून बंद ठेवायचे.

तांब्याची_तार:
शेवटी इंजिन आणि दिवे चालू ठेवून दोन मापे घ्या: बॅटरी पॉझिटिव्ह ते दिव्याचा पॉझिटिव्ह, आणि बॅटरी निगेटिव्ह ते दिव्याचा निगेटिव्ह. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत हवे. दुसरेच माप मोठे आले तर अर्थचा बोल्ट पुन्हा खोला. दिवे लावल्यावर एफएम रेडिओ खरखरू लागला तर दिव्याजवळच्या वायरीवर फेराइटची कडी बसवून बघा. दिव्याचा ड्रायव्हरच हलका असेल तर तिनेही फार फरक पडत नाही. अर्ध्या तासाने रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवरची वायर हाताने तपासा. कोमट चालेल, चटका बसला तर थिंबल नीट दाबलेले नाही.