मदत हवी आहे: हॉटेलच्या किचनमधला ओव्हरटाइम आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा)

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ साताऱ्याजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात तंदूरवर आहे. सकाळी कणीक मळण्यापासून ते रात्री शेवटची गाडी जेवून जाईपर्यंत तो भट्टीसमोरच उभा असतो. एक्झॉस्ट बंद पडलाय, तो कोणी दुरुस्त करत नाही. रोटी लावताना कोपरापर्यंत चटके बसतात, त्यावर हळद लावून पुन्हा कामाला. साप्ताहिक सुट्टी मागितली की "सीझन आहे" एवढंच उत्तर.

२०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर आहे, एवढं मी वाचलंय. किचन आणि वाढपी धरून तिथे १० च्या वर माणसं आहेत, पगारही २१,००० च्या आत. म्हणजे ईएसआय लागू व्हायला हवा ना? पण पगार रोख मिळतो, स्लिप नाही, हजेरी मालकाच्या वहीत.

कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज करताना पुरावा म्हणून काय चालतं? वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो, वस्तादाचे (मुख्य आचाऱ्याचे) ड्युटीचे व्हॉट्सॲप मेसेज चालतील का? नाव उघड न करता तक्रार होते का? घर त्याच्याच पगारावर आहे, नोकरी जायला नको. साताऱ्यात कोणी असा अर्ज केला असेल तर कृपया सविस्तर सांगा.