रेडिंगमधील जुन्या घरातील गॅसची फायरप्लेस काढून लॉग बर्नर बसवावा का?

रेडिंगवासी

आम्ही गेल्या वर्षी इंग्लंडमधील रेडिंग येथे साधारण १९०० च्या सुमारास बांधलेले, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांशी भिंत जोडलेले, लाल विटांचे घर विकत घेतले. बैठकीच्या खोलीत १९७० च्या दशकात केव्हातरी बसवलेली गॅसची फायरप्लेस आहे. तिच्याभोवती कसल्यातरी पत्र्यासारख्या पाट्या ठोकलेल्या आहेत आणि मागे मूळची विटांची खोबण बुजवलेली असावी, असे भिंतीवर टकटक केल्यावर वाटते. ही गॅसची फायरप्लेस काढून टाकायची, हे आमचे ठरलेले आहे. तिच्या जागी काय करावे याविषयी मात्र घरात दोन मते आहेत. माझ्या यजमानांना मूळची खोबण मोकळी करून पूर्वीसारखी उघडी आग हवी आहे, तर मला काचेचे दार असलेला लॉग बर्नर, म्हणजे लाकूड जाळण्याची बंद शेगडी, अधिक सुरक्षित वाटतो.

खोली ४.२ मीटर लांब, ३.८ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच आहे. दुकानात आम्हाला ८ किलोवॅटचा लॉग बर्नर दाखवण्यात आला, कारण जुन्या घरात थंडी जास्त असते असे विक्रेत्याचे म्हणणे होते. धुराडे छपरावर बाहेरून तरी सरळ आणि धडधाकट दिसते. आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे: माझे सासरे दरवर्षी दिवाळीनंतर साताऱ्याहून येऊन दोन महिने आमच्याकडे राहतात आणि त्यांना दमा आहे. ज्यांनी इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरात असे काम करून घेतले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लीड्सचा स्थापत्य अभियंता

आपल्या प्रश्नात शेगडीबद्दल पुष्कळ माहिती आहे आणि धुराड्याबद्दल एकच वाक्य आहे. २०१९ साली माझ्या घरात हेच काम करून घेताना मीही शेगडी आधी निवडली आणि धुराड्याचा विचार नंतर केला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेगडी पेटते ती धुराड्याच्या ओढीवर. तापलेला धूर हलका होऊन वर चढतो आणि त्याच्या मागोमाग खोलीतील हवा आगीकडे ओढली जाते. आपल्या घरासारख्या घरांतील धुराड्याचा मार्ग सहसा नऊ इंच चौरस, म्हणजे सुमारे २२५ मिलिमीटरचा असतो, कारण तो कोळशाच्या उघड्या आगीसाठी बांधलेला होता आणि त्या आगीबरोबर खोलीतील कितीतरी गरम हवा वर निघून जात असे. आजच्या बंद शेगडीतून येणारा धूर थोडा असतो. तो या रुंद, थंड विटांच्या मार्गात संथपणे चढता चढता निवतो, आणि त्यातील पाणी व डांबरासारखा चिकट थर भिंतींवर साचत जातो. तो थर एखाद्या रात्री पेटला की धुराडेच आतून जळू लागते. शिवाय शंभर वर्षांच्या कोळशाच्या धुराने विटांमधला चुना खाल्लेला असतो, आणि त्या फटींतून धूर व कार्बन मोनॉक्साइड वरच्या झोपायच्या खोलीत किंवा शेजाऱ्यांच्या घरात शिरू शकतो. या विषारी वायूला वास नसतो. त्यामुळे छपरावरून दिसणाऱ्या धडधाकटपणावर विसंबू नका. प्रथम धुराडे साफ करून घ्या आणि धुराची चाचणी करून घ्या. त्यात तळाशी धूर सोडून वरचे तोंड बंद करतात आणि घरात कुठे धूर झिरपतो ते सगळ्या खोल्यांत फिरून पाहतात.

बहुतेक वेळा त्यानंतर धुराड्यात वरपासून खालपर्यंत स्टीलचा लवचिक लायनर, म्हणजे धूर वाहून नेणारी आतली नळी, सोडावा लागतो. धूरनियंत्रित भागांसाठी (जिथे धूर सोडण्यावर कायद्याने निर्बंध आहेत) मान्य असलेल्या शेगडीला १२५ मिलिमीटर व्यासाचा लायनर चालतो, एरवी १५० मिलिमीटरचा लागतो. फक्त लाकूड जाळणार असाल तर ३१६ प्रतीचे स्टील पुरते. बिनधुराचा कोळसाही जाळणार असाल तर ९०४ प्रतीचे घ्यावे, कारण गंधकयुक्त आम्ल त्याला कमी खाते. गॅसच्या फायरप्लेससाठी पूर्वी पातळ लायनर घातलेला असण्याची शक्यता आहे. तो लाकडाच्या धुरासाठी चालत नाही, काढावाच लागतो.

आता ८ किलोवॅटविषयी. बऱ्यापैकी उष्णतारोधन असलेल्या घरासाठी इकडे एक ढोबळ हिशेब वापरतात: खोलीचे घनमीटर भागिले १४. आपली खोली ४४.७ घनमीटरची आहे, म्हणजे उत्तर ३.२ किलोवॅट येते. थंडी जास्त धरली तरी ५ किलोवॅट भरपूर झाले. मला एका बसवणाऱ्याने आपल्या विक्रेत्याप्रमाणेच गरजेच्या दुप्पट मोठी शेगडी दिली होती. खोली अर्ध्या तासात असह्य तापायची, म्हणून आम्ही हवेची झडप बंद करून आग धुमसत ठेवायचो, आणि परिणामी काच काळी व्हायची व दोन हिवाळ्यांत नवा लायनर डांबराने भरला. लहान शेगडी मोकळ्या हवेवर खणखणीत जळणे, हे मोठी शेगडी गुदमरवत ठेवण्यापेक्षा सर्वार्थाने चांगले. शिवाय जुन्या, फटी असलेल्या घरात ५ किलोवॅटपर्यंतच्या शेगडीला भिंतीत कायमचा हवेचा झरोका सहसा लागत नाही. त्यापुढे प्रत्येक किलोवॅटमागे ५५० चौरस मिलिमीटरचा, कधीही बंद न होणारा झरोका नियमाने ठेवावा लागतो.

उघड्या आगीविषयी यजमानांची ओढ मी समजू शकतो. तरी आपला रस्ता धूरनियंत्रित भागात येतो का, हे आधी काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, नकाशावर पाहा. येत असेल तर उघड्या खोबणीत लाकूड जाळताच येत नाही. लाकूड जाळायचे तर मान्यताप्राप्त बंद शेगडीच हवी, आणि धुराड्यातून धूर दिसल्यास ३०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. हे निर्बंध डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस साचलेल्या विषारी धुक्यानंतर, १९५६ च्या कायद्याने सुरू झाले. उष्णतेच्या दृष्टीनेही उघडी आग फार मागे पडते. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या मानकांतच हे अंतर दिसते: बंद शेगडीकडून किमान ६५ टक्के कार्यक्षमतेची अपेक्षा आहे, तर उघड्या प्रकाराकडून अवघी ३० टक्के. खोबण उथळ, तिच्या बाजू तिरप्या आणि धुराचा गळा अरुंद ठेवल्यास उघडी आगही खोलीत अधिक उष्णता फेकते, हे शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड यांनी १७९६ मध्येच दाखवून दिले होते. तरीही बंद शेगडीशी तिची बरोबरी होत नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना. गॅसची जोडणी फक्त गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाकडून तोडून घ्या. आणि त्या १९७० च्या दशकातील पाट्या स्वतः उखडू नका. या देशात फुप्फुसांना घातक असलेल्या ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या पाट्यांत आणि दोऱ्यांत ते असू शकते. नमुना तपासून घेतल्याशिवाय हात लावू नये.

ब्रिस्टॉलची गृहिणी

वरील प्रतिसादात सरपणाचा विषय राहिला आहे, म्हणून भर घालते. माझे बालपण रत्नागिरीजवळ गेले. मृगाच्या आधी लाकूडफाटा फोडून, पडवीत रचून, वर झाप घालून ठेवण्याची घाई मी दरवर्षी पाहिली आहे. ओले लाकूड चुलीत घातले की डोळ्यांतून पाणी येते आणि भात मात्र शिजत नाही, हे आमच्या आजीला कोणत्याही मोजमापाशिवाय ठाऊक होते. इथेही तेच शास्त्र आहे. नुकत्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मे वजन पाण्याचे असू शकते आणि आगीची पुष्कळशी शक्ती ते पाणी उकळण्यातच खर्च होते. म्हणून इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडातील ओलावा २० टक्क्यांपर्यंतच असावा लागतो आणि त्यावर ‘रेडी टू बर्न’ ही खूण असते. स्वतः वाळवणार असाल तर ओंडके फोडून, वरून झाकून पण बाजूंनी वारा लागेल असे रचा. ओकसारख्या कठीण लाकडाला दोन वर्षे लागतात. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. मात्र ओंडका तिथल्या तिथे फोडून आतल्या बाजूला टोचा, बाहेरची साल नेहमीच कोरडी दाखवते.

पेटवण्याची रीत मात्र मला नव्याने शिकावी लागली. चुलीत आपण खालून पेटवतो. या शेगडीत मोठे ओंडके तळाशी, त्यावर बारीक ढलप्या आणि सर्वांत वर काडी लावायची. आग वरून खाली उतरते, लाकडातून निघणारा वायू ज्वाळेतून जाताना जळून जातो आणि सुरुवातीचा दाट धूर जवळजवळ होत नाही. पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता.

मँचेस्टरची परिचारिका

मी श्वसनविकारांच्या विभागात काम करते. ताई, आपल्या सासऱ्यांच्या दम्याचा उल्लेख वाचल्यावर मला गप्प राहवले नाही. उत्तम शेगडी आणि कोरडे लाकूड असले तरी दार उघडून ओंडका घालताना अतिसूक्ष्म कण खोलीत येतातच. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात खोलवर जातात. दम्याच्या रुग्णाला थंडीत आधीच त्रास असतो. ज्या दोन महिन्यांत ते आपल्याकडे असतात, नेमक्या त्याच महिन्यांत आपण शेगडी सर्वाधिक पेटवणार आहात, हे दोघांनी मिळून एकदा नीट विचारात घ्यावे. घरात उष्णतेची दुसरी सोय असेल तर ते असताना ती न पेटवणे हाच माझा सल्ला आहे.

शेगडी नकोच असे ठरले, तर खोबण विटांनी ठार बंद करू नका. धुराड्याच्या तोंडावर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी आणि खाली भिंतीत जाळी ठेवावी लागते. नाहीतर आत ओल कोंडून भिंतीवर डाग उमटतात. आमच्या घरात आधीच्या मालकांनी ही जाळी ठेवली नव्हती आणि आम्हाला आख्खी भिंत खरवडून पुन्हा गिलावा करावा लागला.

रेडिंगवासी

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या तीन आठवड्यांत जे घडले ते लिहिते. आमचा रस्ता धूरनियंत्रित भागात आहे, त्यामुळे उघड्या आगीचा प्रश्न आपोआप सुटला. पाट्यांच्या नमुन्यात ॲस्बेस्टॉस निघाले. परवाना असलेल्या लोकांनी त्या काढून नेल्या. धुराडे साफ करताना पक्ष्याच्या घरट्याच्या दोन पोती काटक्या निघाल्या, आणि धुराच्या चाचणीत मुलीच्या खोलीतील कपाटाच्या मागून धूर येताना आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ते पाहिल्यावर माझे हातपाय गार पडले. लायनरशिवाय पुढे जायचे नाही, हे तिथेच ठरले.

आता ४ किलोवॅटची मान्यताप्राप्त शेगडी आणि १२५ मिलिमीटरचा लायनर घेण्याचा विचार आहे. सासरे असताना ती पेटवायची नाही, हे यजमानांनी स्वतःहून मान्य केले. दोन शंका उरल्या आहेत. शेगडीखालची जुनी दगडी फरशी तशीच ठेवता येईल का? आणि कामाची नोंद काउन्सिलकडे आम्ही करायची की बसवणाऱ्याने?

लीड्सचा स्थापत्य अभियंता

फरशीखाली किमान १२५ मिलिमीटर जाडीचा न जळणारा थर आहे का, हे बसवणाऱ्याकडून तपासून घ्या. जुन्या खोबणीत तो बहुधा असतो. तो नसेल, तर तळ १०० अंश सेल्सिअसच्या वर तापवत नाही असे उत्पादकाने लिहून दिलेली शेगडी १२ मिलिमीटरच्या फरशीवरही चालते. शेगडीच्या पुढे फरशी किमान २२५ मिलिमीटर, आणि दार उघडे ठेवून वापरता येणारी शेगडी असेल तर ३०० मिलिमीटर यायला हवी.

बसवणारा हेटाससारख्या मान्य योजनेत नोंदलेला असेल तर काउन्सिलला तोच कळवतो आणि आपल्याला प्रमाणपत्र येते; नसेल तर काम सुरू करण्यापूर्वी आपणच काउन्सिलच्या बांधकाम नियंत्रण विभागाकडे अर्ज करायचा. ते प्रमाणपत्र घराच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवा, कारण घर विकताना खरेदीदाराचा वकील ते मागतो. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र त्याच खोलीत, शेगडीपासून १ ते ३ मीटर अंतरावर लावणे बंधनकारक आहे: छतावर लावल्यास भिंतीपासून ३०० मिलिमीटर दूर, भिंतीवर लावल्यास छतापासून १५० मिलिमीटर खाली. मुलीच्या खोलीत धूर झिरपला होता, तेव्हा तिथेही एक लावावे, असे मी आग्रहाने सांगेन.