जुन्या कंट्रीतली काळी गोष्टीवाली गाणी सुचवा

रात्रपाळी
सध्या जुनं अमेरिकन कंट्री (तिकडचं गावाकडच्या वळणाचं संगीत) ऐकायचं खूळ लागलंय आणि त्यात लेफ्टी फ्रिझेलचं १९५९ चं 'लाँग ब्लॅक वेल' सापडलं, तेव्हापासून दुसरं काही लावावंसंच वाटेना. गोष्ट सांगणारा माणूसच मेलेला आहे हो! गावात खून होतो, पळालेला माणूस दिसायला याच्यासारखा, जज विचारतो त्या रात्री कुठे होतास, आणि हा गप्प. कारण त्या वेळी हा जिवलग मित्राच्या बायकोजवळ होता. फासावर जातो पण तोंड उघडत नाही, ती पण गर्दीत उभी राहून बघते, डोळ्यात टिपूस नाही. आता तोंडावर काळी जाळी ओढून रात्री त्याच्या कबरीवर येऊन रडते आणि हे सगळं तो खालून आपल्याला सांगतोय, ना राग ना रडारड.

अशी अजून सांगा. अट एकच, गोष्ट पाहिजे. नुसती प्रेमभंगाची नकोत, ती ढिगाने आहेत. आणि एवढं भयंकर काही ही मंडळी इतक्या थंडपणे कशी काय गातात?

जुनी_तबकडी
तुम्ही पोर्टर वॅगनरकडे जा, सरळ. टीव्हीवर चमचमणारे भरजरी सूट घालून यायचा हा माणूस आणि गायचा काय तर १९६७ चं 'कोल्ड हार्ड फॅक्ट्स ऑफ लाइफ'. नवरा एक दिवस आधीच गावी परततो, बायकोला चकित करायचं म्हणून वाइन घ्यायला दुकानात थांबतो, तिथे एक अनोळखी माणूस हसत हसत दुकानदाराला सांगत असतो की आज मजा आहे, तिचा नवरा बाहेरगावी गेलाय. मग दोघं निघतात तर त्या माणसाची गाडी पुढे आणि याची मागे, रस्ता ओळखीचा, वळणं ओळखीची... पुढचं सांगत नाही, पण चाकू आहे. बिल अँडरसनने लिहिलंय.

त्याचंच १९६८ चं 'कॅरोल काउंटी अॅक्सिडेंट' पण ऐकाच. यात खूनबिन काही नाही. गावातला प्रतिष्ठित, बायकोमुलं असलेला माणूस एका बाईच्या गाडीत अपघातात मरतो. लोक म्हणतात बिचारा लिफ्ट घेऊन येत असेल. पण सांगणारा ती मोडकी गाडी बघायला जातो तेव्हा त्याला डॅशबोर्डमागे काडेपेटीत लपवलेली लग्नाची अंगठी मिळते. तो ती रात्री विहिरीत टाकून देतो आणि कोणालाच सांगत नाही. का, ते अगदी शेवटी कळतं. शेवट फोडला तर मला पाप लागेल.

अमावस्या
बॉबी जेंट्रीचं 'ओड टू बिली जो' कोणी कसं नाही सांगितलं अजून??

१९६७, मिसिसिपी. दुपारचं जेवण चाललंय, आई बातमी देते की बिली जोने टालाहाची नदीच्या पुलावरून उडी टाकली. वडील म्हणतात त्याला कधी अक्कल नव्हतीच, ते बिस्किट इकडे दे. भाऊ जुनी मस्करी आठवतो आणि सफरचंदाचा पाय (गोड पदार्थ) अजून वाढून घेतो. मग आईच म्हणते, अगं तू काहीच खाल्लं नाहीस. बस, तेवढ्यावरून आपण ओळखायचं की हिचं आणि त्याचं काहीतरी होतं. त्यात एक पाद्री सांगून गेलेला असतो की तुझ्यासारखी दिसणारी मुलगी आणि बिली जो पुलावरून काहीतरी खाली टाकत होते. काय टाकत होते? अख्ख्या अमेरिकेने यावर डोकं लावलं, १९७६ मध्ये सिनेमा काढून उत्तरसुद्धा देऊन टाकलं. पण जेंट्री स्वतः म्हणायची की मुद्दा तो नाहीच, मुद्दा आहे त्या टेबलावरच्या लोकांचा, ज्यांना आपल्याच पोरीचं दुःख दिसत नाही.

आणि थंडपणाचं विचारलंत ना, तिथेच उत्तर आहे. बाई एकदाही रडत नाही. ती रडली असती तर आपण सुटलो असतो. खाली व्हायोलिनं तेवढी अधूनमधून घसरत जातात, बाकी गिटार एका लयीत चालूच.

शंकासूर
वरची सगळी गाणी थोर आहेत, वाद नाही. पण या प्रकाराचं मूळ बघितलं तर ते एवढं सुंदर वगैरे नाहीये. 'नॉक्सव्हिल गर्ल' ऐका, लूव्हिन ब्रदर्सचं १९५६ चं. दोन भाऊ अत्यंत गोड सुरात, वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या ठेक्यावर गातात आणि गोष्ट काय, तर फिरायला नेलेल्या मुलीला हा काठीने मरेपर्यंत मारतो, ती गुडघ्यावर येऊन विनवते, तरी मारतो, केसाला धरून फरपटतो, नदीत टाकतो. घरी आई विचारते कपड्यांवर रक्त कसलं, म्हणे नाकातून आलं. कारण? कारणच नाही. मूळ इंग्लंडमधलं जुनं बॅलड (गोष्ट सांगणारं लोकगीत), समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या अॅपलाचियन डोंगरात आलं आणि गावाचं नाव बदलत बदलत नॉक्सव्हिल झालं. जुन्या छापील इंग्रजी रूपांमध्ये मुलगी गरोदर असल्याचा उल्लेख सापडतो, प्रवासात तेवढंच गळून पडलं. म्हणजे खून राहिला आणि कारण गेलं.

'डेलियाज गॉन' तर खऱ्या मुलीवरून आहे. डेलिया ग्रीन, जॉर्जियातल्या सवाना शहरात १९०० च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री गोळी घातली तिला, वय १४. कंट्री गायक जॉनी कॅशने ते १९६२ ला आणि परत १९९४ ला गायलं, मारणाऱ्याच्या तोंडून. आपल्याला मारणाऱ्याचा आवाज पाठ होतो आणि ती फक्त नाव उरते. मला गाणं आवडतं, आणि आवडतं म्हणूनच अस्वस्थ व्हायला होतं.

जुनी_तबकडी
शंकासूर, मुद्दा मान्य, पण कारण नसणं हीच तर त्या गाण्याची भीती आहे ना? कारण दिलं असतं तर वर्तमानपत्रातली बातमी झाली असती.

शंकासूर
ऐकणाऱ्यासाठी भीती हो. पण दर वेळी नदीत बाईच का जाते, हे विचारायला काय हरकत आहे :)

मधलीओळ
त्यावर उत्तर डॉली पार्टनने दिलंय. 'डाउन फ्रॉम डोव्हर', १९७०. लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी स्वतः सांगते, तो डोव्हरहून येईल, येईलच, पोट दिसायला लागतं, आईबाप तोंड फिरवतात, ती एका म्हातारीकडे कामाला राहते, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी पुन्हा त्याच्या येण्याची वाट. मूल जन्मतं ते मेलेलं. नदी नाही, चाकू नाही, कोणी कोणाला हात लावत नाही, तरी माझ्या मते या धाग्यातलं सगळ्यात काळं गाणं हेच. चाल मात्र अशी की अर्थाकडे लक्ष नसेल तर माणूस गुणगुणत बसेल.

आणि ज्यांना अगदीच टोकाचं हवंय त्यांनी एडी नोॲकचं 'सायको', १९६८. लिहिणारा लिओन पेन, अंध होता, 'आय लव्ह यू बिकॉज'सारखं गोड गाणं त्याचंच. इथे मुलगा आईशी गप्पा मारतोय, मध्येच कोणाकोणाला मारलं ते सांगतोय, खायला काही दे म्हणतोय, त्याच सुरात.

रात्रपाळी
बापरे, आठवडाभराची सोय झाली. 'कॅरोल काउंटी' लगेच ऐकलं, शेवटी उडालोच! 'ओड'मधल्या व्हायोलिनांकडे याआधी लक्षच गेलं नव्हतं.

एक राहिलं, 'लाँग ब्लॅक वेल' कॅशनेही गायलंय म्हणे, कुठलं ऐकू?

अमावस्या
१९६८ चं, फॉल्सम तुरुंगातलं लाइव्ह. समोर सगळे कैदी बसलेत. मित्राच्या बायकोची ओळ आली की प्रेक्षकांतून कोणीतरी दाद देतं आणि कॅशला गाता गाता हसू फुटतं. फ्रिझेलचं आधी, मग हे.