मदत हवी आहे: मिलानला जपानकडून कोण तिघी जातील? (महिला फिगर स्केटिंग, हंगाम २०२५-२६)

फिगर स्केटिंग नियमित बघणारं इथे कुणी आहे का? ऑक्टोबरात ग्रां प्री (देशोदेशी होणारी स्पर्धांची मालिका) सुरू होतेय, फेब्रुवारीत मिलानचं हिवाळी ऑलिंपिक आहे, आणि जपानच्या महिलांचं यंदा काय होणार याचा मला काही केल्या अंदाज येत नाहीये. पुण्यात रोलर स्केटिंग करणारी मुलं आणि त्यांचे पालक ढिगाने भेटतात, पण बर्फावरचं बघणारं माझ्या ओळखीत कुणीच नाही. म्हणून इथे विचारतेय. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मुख्य काळजी काओरी साकामोतोची. हा आपला शेवटचा हंगाम, असं तिने जूनमध्ये जाहीर करून टाकलं. २०२२ मोंपेलिए, २०२३ साइतामा, २०२४ मॉन्ट्रिऑल अशी ओळीने तीन विश्वविजेतेपदं, बीजिंग ऑलिंपिकचं कांस्य, आणि हे सगळं ट्रिपल अॅक्सलशिवाय (समोर तोंड करून घेतलेली साडेतीन गिरक्यांची उडी), क्वाडशिवाय (चार गिरक्यांची उडी). ज्यांनी तिला पाहिलं नसेल त्यांनी फक्त तिचा डबल अॅक्सल बघा. बाकीच्या उडीआधी जरा थबकतात, अंदाज घेतात. ही आहे त्या वेगात येते आणि सरळ उडते. उडी उंच तर असतेच, पण त्याहून जास्त लांब जाते, आणि उतरल्यावर वेग तसाच राहतो, पुढचं पाऊल लगेच सुरू. सोपी समजली जाणारी उडी इतकी मोठी करून दाखवणारी दुसरी कुणी मला तरी माहीत नाही.

पण मार्चमध्ये बॉस्टनच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची अलिसा लिऊ जिंकली, २२२.९७ गुणांनी. काओरी २१७.९८ वर दुसरी. लिऊ २०२२ मध्ये सोळाव्या वर्षी निवृत्त झाली होती, दोन वर्षं स्पर्धेपासून पूर्ण लांब होती, आणि परतल्यावर पहिल्याच हंगामात तिने हे केलं. तेही ट्रिपल अॅक्सल न मारता! लहानपणी ती तो मारायची, आता नाही. म्हणजे काओरी अवघड उडी नाही म्हणून हरली, असंही म्हणता येत नाही. मग कुठे कमी पडली? आणि मिलानमध्ये अमेरिकेचीच अँबर ग्लेन तिचा ट्रिपल अॅक्सल घेऊन येईल, रशियाची आदेलिया पेत्रोस्यान पात्रता फेरीतून आलीच तर क्वाड घेऊन येईल. काओरीने आहे तेच नीट करणं पुरेल का? गुणांचं गणित कळणाऱ्यांनी जरा उलगडून सांगा.

दुसरा प्रश्न उरलेल्या दोन जागांचा. जपानला तीन जागा आहेत. मोने चिबा त्यात असेल असं मी धरून चाललेय. सेंदाईची मुलगी, आता क्योतोजवळ मिए हामादांकडे शिकते. बॉस्टनला कांस्य, त्याआधी ग्रनोबलच्या ग्रां प्री फायनलला रौप्य. त्या फायनलचीच गंमत बघा, सहाजणींत पाच जपानच्या होत्या! सहावी ग्लेन, आणि जिंकली तीच, हे वेगळं. पण पाचजणी फायनलला पोचतात अशा देशात तिसरी जागा मिळवणं म्हणजे काय असेल?

वाकाबा हिगुची मिळवेल का? माझं मन तिच्याकडे ओढ घेतं, त्याला कारण आहे. २०१८ च्या ऑलिंपिकला जपानच्या दोनच जागा होत्या आणि राष्ट्रीय स्पर्धेत चौथी आल्यामुळे तिची निवड झाली नाही. पुढे मार्चमध्ये मिलानला जागतिक स्पर्धा झाली आणि तिथे तिने रौप्य जिंकलं. ते असागोचं सभागृह होतं, आणि यंदाचं ऑलिंपिक स्केटिंगही तिथेच आहे. २०२२ ला बीजिंगला गेली, ट्रिपल अॅक्सल मारला, पाचवी आली. त्यानंतर दुखापत, विश्रांती, आणि गेल्या हंगामात थेट स्केट अमेरिका या ग्रां प्री स्पर्धेचं विजेतेपद. बॉस्टनला सहावी.

की आमी नाकाई? निईगाताची, एप्रिलमध्ये सतरा पूर्ण झाली, सीनियर गटात यंदा पहिल्यांदाच उतरतेय, आणि ट्रिपल अॅक्सल हातात आहे. रिन्का वातानाबे, हाना योशिदा या दोघींकडेही तो आहे, पण स्पर्धेत कधी लागतो, कधी नाही.

आणि माओ शिमादाबद्दल कुणाशी तरी बोलायचंच आहे. तीन वेळा ओळीने ज्युनियर विश्वविजेती, ट्रिपल अॅक्सल आणि क्वाड टो लूप दोन्ही मारते, राष्ट्रीय स्पर्धेत सीनियर मुलींना मागे टाकून गेल्या डिसेंबरात काओरीच्या खालोखाल दुसरी आली. आणि मिलानला जाऊ शकत नाही, कारण १ जुलै २०२५ ला सतरा पूर्ण हवी होती आणि तिचा वाढदिवस ३० ऑक्टोबरला. जुनी पंधराची अट असती तर ती आरामात बसली असती. जिच्यावरून तिचं नाव ठेवलं त्या माओ आसादाचंही २००६ ला हेच झालं होतं! तोरिनोच्या आधी ग्रां प्री फायनल जिंकून बसली होती आणि ८७ दिवसांनी लहान ठरली. २०१८ ला रिका किहिरा राष्ट्रीय स्पर्धेत तिसरी, आणि वयात तीन आठवड्यांनी कमी. वयाची अट वाढवली ते योग्यच झालं, बारीक चणीच्या पोरींना पंधराव्या वर्षी पिळून काढणं बंद व्हायलाच हवं होतं. तरी जपानच्या वाट्याला हे दर वेळी का यावं, असं वाटतंच.

तर एवढं सांगा: काओरीला सुवर्णाची खरंच संधी आहे का, तिसरी कोण, निवड नेमकी कशी होते, आणि भारतातून बघायचं कसं?

प्रतिसाद

ताई, गणिताचं मी सांगतो. बॉस्टनचा फरक ४.९९ गुणांचा. तो फोडून बघा. शॉर्टमध्ये (पहिल्या, छोट्या कार्यक्रमात) लिऊला ७४.५८, काओरीला ७१.०३, म्हणजे ३.५५ तिथेच गेले. काओरी शॉर्टनंतर पाचवी होती. फ्रीमध्ये (दुसऱ्या, लांब कार्यक्रमात) फरक फक्त १.४४. थोडक्यात, फ्रीला दोघी जवळपास बरोबरीत होत्या. कमी पडली ती शॉर्टमध्ये. अडीच-पावणेतीन मिनिटांत तीनच उड्यांचे घटक असतात, एक बिघडला की भरून काढायला जागा नसते.

आता ट्रिपल अॅक्सल. त्याची मूळ किंमत ८.००, डबल अॅक्सलची ३.३०. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण दर्जाचे गुण उणे पाच ते अधिक पाच असतात आणि प्रत्येक पायरीला मूळ किमतीचे दहा टक्के. काओरीच्या डबल अॅक्सलला अधिक चार धरा, ४.६२ झाले. दुसरीने ट्रिपल अॅक्सल मारला आणि पडली, तर ८ मधून ४ गेले, वर पडल्याचा १ गुण गेला, हातात ३. गिरकी अपुरी राहिली असेल तर मूळ किंमतच ६.४० होते, आणि पडली तर उरतात २.२०. म्हणजे पडलेल्या ट्रिपल अॅक्सलपेक्षा काओरीचा डबल केव्हाही महाग. नीट उतरला तरच ती उडी फायद्याची.

आणि जे लोक विसरतात ते कंपोनंटचे गुण, म्हणजे उड्यांपलीकडे एकूण स्केटिंग आणि सादरीकरणाचे. तीन गोष्टींना दहापैकी गुण मिळतात, शॉर्टला त्यांना १.३३ ने गुणतात, फ्रीला २.६७ ने. तिन्हींत अर्धा-अर्धा गुण जास्त मिळाला की शॉर्टला २ आणि फ्रीला ४, एकूण ६ गुण. ट्रिपल आणि डबल अॅक्सलच्या मूळ किमतीतला फरक ४.७० आहे, लक्षात घ्या. काओरीचं बळ इथे आहे: वेग, बर्फावरची पकड, पात्याच्या कडांचा वापर. तिचं दुखणं लुट्झ नावाची उडी. ती पात्याच्या बाहेरच्या कडेवरून घ्यायची असते, आणि तिथे कड चुकल्याबद्दल पंच तिला पकडतात. मी तिचा प्रशिक्षक असतो तर नवी उडी शिकवण्याऐवजी शॉर्टच पक्का करून घेतला असता.

प्रतिसाद

नमस्कार, मी टोकियोत राहते, निशी-कसाईला. निवडीचं सांगते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात योयोगीला राष्ट्रीय स्पर्धा आहे. तिथली विजेती थेट ऑलिंपिकला. बाकीच्या दोन जागांसाठी राष्ट्रीय स्पर्धेतलं स्थान, ग्रां प्री फायनलमधली कामगिरी, हंगामातला सर्वोत्तम गुणांक, जागतिक क्रमवारी असं सगळं एकत्र बघतात आणि स्पर्धा संपल्यावर संघटना नावं जाहीर करते. निकष अनेक असले तरी राष्ट्रीय स्पर्धेत घसरलेल्या खेळाडूला वाचणं फार अवघड जातं.

माई मिहाराचं उदाहरण घ्या. कोबेची, काओरीबरोबर लहानपणापासून सोनोको नाकानो बाईंकडेच शिकलेली. लहान वयात संधिवात झाला होता, त्यातून उठून परतली. २०२१ च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धेत चौथी आली. काओरी, वाकाबा आणि माना कावाबे बीजिंगला गेल्या, माई घरी. पुढच्याच महिन्यात तालिनला तिने फोर कॉन्टिनेंट्स (युरोपबाहेरच्या देशांची मोठी स्पर्धा) जिंकली, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात ग्रां प्री फायनलसुद्धा. इथे राष्ट्रीय स्पर्धेला जी शांतता असते ना, ती याचमुळे. प्रेक्षकांना प्रत्येकीचा इतिहास पाठ असतो.

तिकिटं सोडतीने मिळतात, कुणाला यायचं असेल तर नोंदणी वेळेत करा. ग्रां प्री फायनलही यंदा जपानातच आहे, नागोयाला, डिसेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे फायनल आणि राष्ट्रीय स्पर्धा यांत जेमतेम दोन आठवडे. फायनलला पोचणाऱ्यांना प्रवासाची दगदग नाही, हा यंदाचा फायदा. आणखी एक, कोबेत यंदा वर्षभर चालणारी नवी रिंक सुरू झालीय, काओरीला सरावासाठी आता इकडेतिकडे फिरावं लागणार नाही.

तिसऱ्या जागेसाठी माझं मत आमी नाकाईला. वाकाबा मलाही प्रिय आहे, पण ताज्या पायांचा हंगाम आहे हा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शॉर्टमध्ये साडेतीन गेले हे मी कधी वेगळं काढून बघितलंच नव्हतं. आता तिची शॉर्टच डोळ्यात तेल घालून बघणार. निशी-कसाईवाल्या ताई, मिहाराची बीजिंगसाठी निवड झाली नाही हे मला माहीत होतं, पण पुढच्याच महिन्यात फोर कॉन्टिनेंट्स जिंकल्याचं लक्षात नव्हतं. वाचून फार लागलं.

आमीबद्दल मात्र माझ्या मनात शंका आहे. सीनियरच्या पहिल्या वर्षी पंच कंपोनंटला हात आखडता घेतात असा माझा समज आहे. ट्रिपल अॅक्सलने कमावलेलं तिथे जाईल का?

प्रतिसाद

पहिल्या वर्षी थोडे कमी मिळतात हे खरं, पण नियम तसा नाही. पहिल्या एक-दोन स्पर्धांत स्वच्छ स्केटिंग केलं की गुण भराभर वर येतात. त्यामुळे आमीची ऑक्टोबरातली सुरुवात फार महत्त्वाची. आंजेरला फ्रान्सच्या ग्रां प्रीत ती आणि काओरी दोघी एकत्र आहेत. एकाच पंचमंडळासमोर दोघींचे कंपोनंट शेजारी-शेजारी बघता येतील, तुमच्या शंकेचं उत्तर तिथेच मिळेल. महिलांना शॉर्टमध्ये क्वाड चालत नाही, पण डबलऐवजी ट्रिपल अॅक्सल चालतो. तो तिने शॉर्टमध्ये घातला आणि उतरवला, तर ती थेट काओरीच्या बरोबरीला येते.

बघायचं कसं, ते सांगतो. ज्युनियर ग्रां प्री आयएसयूच्या (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या) यूट्यूब वाहिनीवर फुकट दिसते, ऑगस्टपासून सुरू. पुढच्या पिढीसाठी ती जरूर बघा. सीनियरचं प्रक्षेपण देशागणिक बदलतं, आयएसयू हंगामाच्या तोंडावर यादी काढते, ती आली की इथे टाकतो. वेळेचं म्हणाल तर ओसाकाची एनएचके ट्रॉफी ही ग्रां प्री सोयीची, जपान आपल्या साडेतीन तास पुढे, त्यामुळे संध्याकाळपर्यंत आटोपते. मिलान फेब्रुवारीत साडेचार तास मागे. महिलांची शॉर्ट १७ तारखेला, फ्री १९ ला, दोन्ही तिथे संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे रात्री उशिरा.

धागाकर्ती

आंजेरचं ध्यानात ठेवते. जपानच्या महिलांना ऑलिंपिक सुवर्ण एकदाच मिळालंय, शिझुका आराकावाला, तोरिनोत. त्यानंतर आसादाला व्हँकुव्हरला रौप्य, तीन ट्रिपल अॅक्सल मारूनही. या वेळी पुन्हा इटली आहे आणि मला ते काओरीकडे हवंय, स्पष्टच सांगते. यादी आली की नक्की टाका. आणि योयोगीच्या सोडतीची नोंदणी परदेशातून करता येते का, हे निशी-कसाईवाल्या ताईंनी जमलं तर विचारून सांगावं. माझी नणंद तिकडे आहे, तिच्या नावावर केली तरी चालेल.